कुंपणाच्या खांबांस काँक्रीट किती?

‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आपल्याकडे बेइमान राखणदारास उद्देशून वापरितात. परंतु हल्ली ती निराळ्या अर्थाने खरी ठरू लागली आहे. बागाईत लहान, कुंपण मोठे, आणि त्या कुंपणाच्या पायात ओतलेल्या सिमेंटाचा खर्च बागेच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाहून जड, असे प्रकार आमच्या पाहण्यात वारंवार येतात. विचारावे तर उत्तर एकच मिळते: “खांबामागे एक गोणी धरली होती.” ही गोणी कोणी ठरविली, कोणत्या खड्ड्यासाठी ठरविली आणि कोणत्या जमिनीसाठी ठरविली, हे मात्र कोणासच सांगता येत नाही. आमचे मत असे आहे की काँक्रीट गोणीने अजमावू नये, खड्ड्याने मोजावे. आणि मोजून झाल्यावर ते सर्व खांबांस सारखे वाटू नये, जेथे ओढ आहे तेथेच द्यावे. या दोन गोष्टी पाळल्या तर खर्च कमी होतो, एवढेच नव्हे, तर कुंपण अधिक काळ उभे राहते.

हा विषय माहीमच्या निमित्ताने सुचला म्हणून तेथूनच आरंभ करितो. बिंबराजाने माहीम वसविल्याची परंपरा महिकावतीच्या बखरीत सांगितलेली आहे. त्यानंतर शतकानुशतके हे गाव नारळीच्या वाड्यांचे म्हणून ओळखले जाई. इंग्रजी अमदानीत येथील माडबनास ‘माहीम वुड्स’ असे नावच पडले होते. माड शाकारणारा आणि ताडीमाडी काढणारा भंडारी, किनाऱ्यावर होड्या ओढणारा कोळी आणि वाडी राखणारा बागाईतदार यांचे हे गाव होते. सन १८४५ मध्ये लेडी जमशेटजींच्या औदार्याने वांद्र्याचा बंधारा-रस्ता झाला, पुढे शहर उत्तरेकडे सरकले आणि वाड्यांच्या जागी चाळी व इमारती आल्या. आज माहीमात शेती अशी उरलेली नाही. तरीही जुन्या आवारांतून चार-दोन माड, एखादा रामफळीचा वृक्ष, दोन-तीन गुंठ्यांची परसबाग जिवापाड जपणारी मंडळी आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांच्या वडिलोपार्जित वाड्या वसई-पालघरकडे अद्याप लागवडीत आहेत. कुंपणाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आमच्याच आवारातील दोन गुंठ्यांच्या बागेची हकीकत सांगतो. बाग अठरा मीटर लांब व बारा मीटर रुंद; भोवती काटेरी तारेचे कुंपण घालावयाचे ठरले. तीन मीटरांवर एक याप्रमाणे वीस खांब. काम घेणाऱ्याने खांबामागे एक या हिशेबाने वीस गोण्या आणविल्या. खड्डे तीस सेंटिमीटर रुंदीचे ठरले होते, पण जमीन रेताड असल्यामुळे कडा ढासळत गेल्या आणि प्रत्येक खड्डा चाळीसचा झाला. सर्व खड्डे साठ सेंटिमीटर खोल, कोपऱ्याचेही तेवढेच. सुमारे बारा गोण्या खर्ची पडल्या. उरलेल्या आठ जिन्याखाली ठेविल्या, त्यांचे पहिल्याच पावसाळ्यात धोंडे झाले. त्याहून वाईट असे की दुसऱ्या पावसाळ्यात चारही कोपऱ्यांचे खांब बागेच्या आत कलले, तारा लोंबू लागल्या आणि मधले खांब मात्र निष्कारण भक्कम उभे राहिले. दोष एकट्या काम घेणाऱ्याचा नव्हे. आम्हीही टेप घेऊन खड्ड्याजवळ गेलो नव्हतो.

आता हिशेब कसा करावा ते पाहू. तो इतका सोपा आहे की चौथी इयत्ता झालेल्या मुलास येईल. प्रथम खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली सेंटिमीटरांत मोजून परस्परांशी गुणावी आणि एक हजाराने भागावे. म्हणजे खड्डा किती लिटरांचा ते कळते. तीस, तीस व साठ यांचा गुणाकार ५४,०००. अर्थात खड्डा ५४ लिटरांचा. यातून खांबाने व्यापलेली जागा वजा करावी. दहा सेंटिमीटर चौरस खांब साठ सेंटिमीटर पुरला तर तो ६ लिटर जागा घेतो. उरले ४८ लिटर. इतके काँक्रीट तेथे बसेल.

येथेच बहुतेकांची एक चूक होते. ४८ लिटर काँक्रीट करण्यास ४८ लिटर कोरडा माल पुरत नाही. खडीच्या पोकळीत वाळू शिरते, वाळूच्या पोकळीत सिमेंट शिरते आणि पाणी घालून कालविल्यावर सर्व ढीग आकसतो. म्हणून ओल्या मापास १.५४ ने गुणून कोरड्या मालाचे माप काढण्याचा प्रघात आहे. ४८ ला १.५४ ने गुणिले असता सुमारे ७४ लिटर येतात. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असे मिश्रण धरिले तर एकंदर सात भाग होतात. ७४ चा सातवा हिस्सा साडेदहा लिटर, हे सिमेंट. लिटरास १.४४ किलो या दराने त्याचे वजन सुमारे १५ किलो भरते. वाळू २१ लिटर व खडी ४२ लिटर. पन्नास किलोच्या एका गोणीत असे तीन खांब सहज बसून थोडे उरते. ‘खांबामागे एक गोणी’ ही म्हणून या खड्ड्यास तिप्पट झाली.

कोपऱ्याच्या खांबाचा हिशेब निराळा. तेथे खांब पंधरा सेंटिमीटर चौरस आणि खड्डा पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद व नव्वद खोल घ्यावा. खड्डा १८२ लिटरांचा, खांब वजा जाता १६२ लिटर, कोरडा माल सुमारे २५० लिटर, त्यात सिमेंट ५१ किलो. अर्थात येथे एक गोणी पुरती लागते. गंमत अशी की जी गोणी सरसकट सांगितली जाते ती या एका खांबास बरोबर आहे, आणि नेमकी येथेच ती दिली जात नाही.

आमच्या बागेस हे माप लावून पाहा. चार कोपरे व फाटकाचे दोन असे सहा खांब ओढीचे. राहिलेले चौदा साधे. सहांस मिळून ३०८ किलो, चौदांस २१३ किलो. एकूण ५२१ किलो, म्हणजे साडेदहा गोण्या. प्रत्यक्षात बारा खर्ची पडल्या आणि तरी कोपरे कलले. साडेदहांत जे काम नीट झाले असते ते बारांत बिघडले! उणीव सिमेंटाची नव्हती, विचाराची होती.

खड्डा खणताना रुंदीवर विशेष लक्ष ठेवावे, खोलीचे फारसे भय बाळगू नये. वर सांगितलेला खड्डा पाच सेंटिमीटर अधिक खोल गेला तर काँक्रीट शेकडा आठ वाढते. तोच खड्डा दोन्ही बाजूंनी पाच सेंटिमीटर अधिक रुंद झाला तर शेकडा चाळीस वाढते. कारण रुंदी हिशेबात दोनदा येते, खोली एकदाच. आणि खांबाचे स्थैर्य पाहू जाता खोली हीच अधिक उपयोगी. आपले मजूर मात्र याच्या उलट करितात. फावड्याने खणणे सोयीचे म्हणून खड्डा पसरट व उथळ करितात, आणि मग तो सिमेंटाने भरितात. रेताड जमिनीत कडा ढासळू नयेत म्हणून बुडाशिवायचे जुने पत्र्याचे पिंप खड्ड्यात उतरवीत खणावे आणि काँक्रीट भरता भरता वर ओढून घ्यावे. पहारीने खणून माती हाताने उपसण्यास थोडा वेळ अधिक लागतो, परंतु तो वेळ सिमेंटाहून स्वस्त पडतो.

आता आमच्या मताचा मुख्य भाग. तारेच्या कुंपणात मधल्या खांबाचे काम तार उचलून धरण्याचे. तार त्यास उजवीकडे जितकी ओढते तितकीच डावीकडे ओढते; दोन्ही ओढी एकमेकींस खातात. असा खांब कठीण किंवा मुरमाड जमिनीत असेल तर त्यास काँक्रीटची गरजच नाही. खड्ड्यात दगड व मुरूम यांचे वीत-वीतभर थर घालून, किंचित ओले करून, धुमसाने ठोकून काढावेत. खांब वर्षानुवर्षे हलत नाही. याउलट कोपऱ्याच्या खांबावर दोन दिशांच्या तारांची ओढ एकत्र होते आणि ती आतल्या अंगास, एका बाजूच्या ओढीच्या जवळजवळ दीडपट पडते. फाटकाच्या खांबास एकाच बाजूची ओढ असते, शिवाय फाटकाचे ओझे. लांब रांगेत तार ताणून धरण्यासाठी जे मधले दणकट खांब घालितात त्यांसही हाच न्याय. काँक्रीट यांचे, आणि त्यांसही नुसते काँक्रीट पुरे नाही, आतल्या बाजूने तिरपा टेकू हवाच.

एका एकराचे उदाहरण घेऊ. चौरस एकराची बाजू सुमारे ६३.६ मीटर, परिघ २५४ मीटर. तीन मीटरांवर एक याप्रमाणे ८५ खांब. (कुंपण जेथून निघाले तेथेच मिळते म्हणून जितके गाळे तितकेच खांब, सरळ रांगेस मात्र गाळ्यांहून एक अधिक लागतो.) चार कोपरे, प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक दणकट, फाटकाचे दोन, असे दहा ओढीचे, बाकी पंचाहत्तर साधे. सर्वांस काँक्रीट दिले तर सांडलवंड धरून ३५ गोण्या सिमेंट, सुमारे पाऊण ब्रासाहून थोडी अधिक वाळू आणि दीड ब्रासाहून थोडी अधिक खडी लागेल. फक्त दहांस दिले तर ११ गोण्या, पाव ब्रास वाळू व अर्धा ब्रास खडी. चोवीस गोण्यांचे हे अंतर आहे. ‘खांबामागे एक’ या न्यायाने चालणारा तर पंचाऐंशी गोण्या मागवील!

शेताचा आकारही ध्यानात घ्यावा. तोच एकर वीस मीटर रुंदीचा पट्टा असेल तर परिघ ४४५ मीटर होतो आणि खांब १४८ लागतात. वाटण्या होता होता आमच्या बागाइती अशाच पट्ट्यांच्या झाल्या आहेत. जमीन तितकीच, कुंपण पावणेदोन पट. दोन शेजाऱ्यांनी मधल्या बांधाचे कुंपण सामाईक केले तर दोघांचाही अर्धा खर्च वाचतो. पण हा सल्ला हिशेबाने पटला तरी स्वभावाने पटत नाही, हेही आम्ही जाणतो.

येथवर जे सांगितले ते चांगल्या जमिनीचे. माहीमसारख्या ठिकाणी तीन गोष्टी अधिक पाहाव्या लागतात. पहिली, किनाऱ्याची सुटी रेती व मिठी नदीच्या बाजूचा मऊ चिखल. अशा ठिकाणी ठोकलेला मुरूम टिकत नाही. साध्या खांबांसही काँक्रीट द्यावे लागते आणि खोली वाढवावी लागते. दुसरी, भरावाची जमीन. धारावी-माहीमच्या शिवेवर सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान सन १९९४ मध्ये खुले झाले. ती जागा पूर्वी शहराचा कचरा टाकण्याची होती. आज तेथे झाडी आहे, हे मोठेच समाधान. पण कचऱ्याचा वा राडारोड्याचा भराव वर्षानुवर्षे खचत असतो, आणि असल्या कोणत्याही जमिनीत जड काँक्रीटचा गोळा खांबास धरून ठेवण्याऐवजी त्यास घेऊन खाली बसतो. तेथे हलका खांब, कमी अंतर आणि खाली मूळ जमीन लागेपर्यंत खणणे, हेच उपाय.

तिसरी व सर्वांत घातक गोष्ट म्हणजे खार. खारे वारे व खारे पाणी काँक्रीटमधून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि खांब उभा फाटतो. सन २००० च्या ४५६ क्रमांकाच्या भारतीय मानकात समुद्राचे तुषार जेथे पोहोचतात तेथे सळईवर ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले आहे. दहा सेंटिमीटरच्या खांबात दोन्ही बाजूंनी इतके आवरण ठेविल्यास सळईस जागाच उरत नाही! म्हणजे बाजारात मिळणारा बारीक खांब अशा किनाऱ्यासाठी मुळीच नव्हे. तेथे खांब जाड घ्यावा आणि मिश्रण एक-दोन-चारहून अधिक कसाचे धरावे. त्याच मानकाने समुद्रालगतच्या कामास स्लॅग अथवा पोझोलाना मिसळलेले सिमेंट हितकर म्हटले आहे. किनाऱ्यावरची वाळू घमेलेभरसुद्धा उचलू नये. सन १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून ती उपसण्यास मनाई आहेच, परंतु मनाई नसती तरी तिच्यातील मिठाने आपलाच खांब खाल्ला असता.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील. पहिला असा की मजुरी आज इतकी महाग आहे की थर घालून ठोकण्यापेक्षा काँक्रीट ओतून मोकळे व्हावे हे बरे. यात तथ्य नाही असे नाही. ज्यास चार खांबच रोवावयाचे आहेत त्याने हिशेबाच्या भानगडीत न पडता काँक्रीट ओतावे. परंतु पंचाहत्तर खांबांच्या ठिकाणी ओतण्यासही खडी वाहावी लागते, कालवावे लागते, सात दिवस तरी पाणी मारावे लागते आणि तोवर तार ताणता येत नाही. कोरडे मिश्रण खड्ड्यात टाकून वरून बादलीभर पाणी ओतण्याची जी नवी रीत निघाली आहे ती मजुरीची बचत नव्हे, सिमेंटाचा अपव्यय होय. दुसरा आक्षेप चोरीचा: ठोकलेला खांब उपटून नेतात. यावर उत्तर असे की दर पाचवा खांब काँक्रीटात पक्का करावा. तार बांधलेली असता मधले चार एकटे उपटले जात नाहीत. तिसरा आक्षेप, ‘एकदाच करावयाचे ते पक्के करावे.’ आम्हांसही पक्केच हवे. पण पक्केपणा काँक्रीटच्या राशीत नसून ते योग्य ठिकाणी असण्यात आहे, हे आमच्या कोपऱ्यांनी आम्हांस शिकविले.

आणखी एक विचार बागाईतदाराच्या पुढे ठेवावासा वाटतो. वाळू नद्यांचे व खाड्यांचे तळ उकरून येते, खडी डोंगर फोडून येते, सिमेंट भट्टी पेटवून येते. ज्याची उपजीविका माती व पाणी यांवर आहे त्याने या वस्तू जपून वापरणे हे त्याच्याच हिताचे आहे. आपल्या कोकणपट्टीत पांगारा, भेंड, शेवगा यांचे डाहळे पावसाच्या तोंडी रोवून जिवंत खांब करण्याची रीत फार जुनी आहे. त्यास ना गोणी लागते, ना खार खातो. वाडीच्या ज्या बाजूस ओढ नाही तेथे हे जिवंत खांब आणि कोपऱ्यास मोजून काँक्रीट, असा मेळ घातला तर आजोबांचे व नातवाचे दोघांचेही शहाणपण उपयोगी पडेल.

शेवटी आपल्या संघास एक नम्र सूचना. आतून तीस, तीस व एकोणचाळीस सेंटिमीटर मापाचा फरमा, ज्यात एका गोणीचे ३५ लिटर मावतात, असे दोन-चार फरमे संघाने करवून ठेवावेत आणि सभासदांस आळीपाळीने द्यावेत. म्हणजे वाळू व खडी घमेल्याच्या अंदाजाने न पडता मापाने पडेल. काम देताना करार गोणीवर न करिता मोजलेल्या खड्ड्यावर करावा. आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी मालकाने टेप घेऊन प्रत्येक खड्ड्यापाशी स्वतः उभे राहावे. आमच्या आवारातील कोपरे यंदा पुन्हा रोविले. खड्डे नव्वद खोल, खांब जाड, आतून टेकू. या वेळी गोण्या चारच आणविल्या होत्या. शेवटचा खड्डा भरताना किंचित माल कमी पडला आणि शेजाऱ्याकडून दोन घमेली सिमेंट उसने आणावे लागले. ते अद्याप परत द्यावयाचे आहे. पण जिन्याखाली या खेपेस एकही धोंडा नाही.